जिनिंगमधली साखळी

आमच्या सत्यशीलेनं सेलूत बसून जी यंत्रं केली ती कुणालाच डोळ्यांनी दिसत नव्हती. मलाही नाही. पण त्यांच्या काचा मी धुतल्या आहेत, त्यांची भांडी मी घासली आहेत, आणि ती पटापट मरत होती तेव्हा कशानं मरताहेत तेही मीच ओळखलं. म्हणून हे लिहायला बसले. सत्यशीलेनं लिहिलं ते प्रबंधात लिहिलं, आणि प्रबंधात मावशीला जागा नसते.

मी चांगुणा. इथल्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. त्याआधी नऊ वर्षं जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडत होते. सत्यशीला माझ्या थोरल्या बहिणीची, नर्मदेची मुलगी. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात आम्ही आमचं खेडं सोडून सेलूला आलो. का सोडलं ते, त्या वर्षी ज्यांची घरं पेटली त्यांना सांगावं लागत नाही, आणि ज्यांची पेटली नाहीत त्यांना सांगून उपयोग नाही. पुढच्या वर्षी नर्मदा गेली. पोर बारा वर्षांची होती. ती माझ्याकडे राहिली आणि मी तिच्याकडे शिकले. ती सातवीत होती तेव्हा मी घरातल्या घरात पहिलीत बसले. ती एम.एस्सी. होईपर्यंत मी मराठी छापील काहीही वाचत होते आणि इंग्रजी डिक्शनरी हाताशी असली तर रडतखडत.

पोरीला वाढवताना मी दोनच नियम केले. अभ्यास कर असं कधी सांगावं लागलं नाही, म्हणून तो नियम नव्हता. पहिला नियम, अनवाणी फिरायचं नाही. दुसरा, अंगावर जुनेर घालायचं नाही.

आमच्या खेड्यात वरच्या आळीतून जाताना पायातलं हातात घ्यायची रीत होती. मी ती पाळली आहे, नर्मदेनं पाळली आहे. सत्यशीला चार वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "आई, चप्पल हातात घ्यायची तर आणायची कशाला?"  तर तो पहिला नियम. आणि कापडाचं म्हणाल तर नर्मदेच्या अंगावर मी कधी धड लुगडं पाहिलं नाही. म्हणून सत्यशीला कॉलेजात शिकवायला लागली त्या दिवशी मी तिला निळी नायलॉनची साडी नेसवली. सुळसुळीत, सुरकुती म्हणून पडायची नाही. मग हिरवी आणली, मग फुलाफुलांची. टाच असलेली चप्पल आणली. व्हरांड्यातून ती चालत आली की चपलेचा टॉक टॉक आवाज आधी यायचा, आणि पुसायचं फडकं हातात धरून मी उगाच एक टेबल दोनदा पुसायची.

कॉलेजात मी तिला मॅडम म्हणायचे. ती मला सगळ्यांसमोर मावशी म्हणायची.

आता ती यंत्रं काय होती ते सांगते. मला जसं कळलं तसं.

कॅडमियमचं मीठ पाण्यात विरघळवायचं आणि त्यात गंधकाचं पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि पाणी पिवळं होतं. ते पिवळं म्हणजे कण. सोडून दिलं तर ते एकमेकांना चिकटून वाढतात आणि गाळ बसतो. म्हणून त्यात आणखी एक औषध घालतात. ते प्रत्येक कणाला गुंडाळून घेतं, की तो तेवढाच राहतो. किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले तीन-चार. सत्यशीलेच्या कपाटात बाटल्या होत्या. एकीत पाणी हळदीसारखं, दुसरीत लिंबासारखं, तिसरीत जवळजवळ पाण्यासारखंच.

"ह्या तिन्हींत एकच माल हाय?" मी विचारलं होतं.

"एकच."

"मग रंग?"

"कण बारीक झाला की रंग बदलतो, मावशी. त्याच्या आतली वीजच वेगळी वागायला लागते."

मला ते काही केल्या पटेना. जन्मभर ज्वारी दळली, कितीही बारीक दळली तरी ज्वारीचं पीठ ज्वारीच्याच रंगाचं. पण थेंब सोडताना ढवळणारी मीच होते, बाटली डोळ्यांदेखत फिकी होताना पाहिली, मग मानलं.

त्या कणांचं यंत्र असं. काचेची पट्टी घ्यायची. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची एक अतिपातळ रेघ ओढायची. ओढायची म्हणजे हातानं नव्हे, विद्यापीठानं मोडीत काढलेलं एक यंत्र होतं, मोठ्या काचेच्या घंटेचं, ते सत्यशीलेनं आणून दुरुस्त केलं होतं. घंटेतली हवा पंपानं ओढून घ्यायची आणि आत धातूची वाफ करायची. मग पट्टी कणांच्या पाण्यात बुडवून काढायची, म्हणजे रेघेवर कणांचा एकच थर बसतो. वाळल्यावर वरून आडव्या पाच रेघा. उभी रेघ आणि आडवी रेघ जिथं एकमेकींवरून जातात ती फुली. एक फुली म्हणजे एक यंत्र. खालच्या रेघेतून वरच्या रेघेत जाताना विजेला मधल्या कणातूनच जावं लागतं, आणि कण सहजासहजी जाऊ देत नाही. अमुक व्होल्टपर्यंत अडवतो, मग सोडतो. तो उंबरठा मोजायचा होता. कण जितका लहान तितका उंबरठा उंच, असं तिचं म्हणणं.

विभागप्रमुख किशनराव सर म्हणायचे, "चांगुणाबाई, भाचीला जरा समजावून सांगा. सेलूत कापसाच्या गाठी होतात. हे असलं जपानात होतं. खामखा डोळे बिघडवून घ्यायलीय."

"सर, जपानात कापूस पिकतो का?"

"न्हाई पिकत."

"मग त्यांना दुसरं काय काम हाय, करत असतील. आपण दोन्ही करू."

किशनराव सर मनानं वाईट नव्हते. घंटेच्या यंत्रासाठी स्वतःच्या बसण्याची खोली त्यांनीच रिकामी करून दिली होती आणि स्वतः ग्रंथालयात बसत होते. फक्त कौतुक करायची त्यांची पद्धत तशी होती.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात औरंगाबादहून मीटर आलं. विद्यापीठात सत्यशीलेचे मार्गदर्शक होते दिनकरराव सर, त्यांनी ते महिन्याभरासाठी उसनं दिलं. अँपिअरचा लाख-कोटीवा भाग मोजणारं. सोबत चिठ्ठी होती. बारा जानेवारीला मीटर परत न्यायला मी स्वतः येईन, तेव्हा एकाच फुलीवर तीनदा तोच आलेख माझ्यासमोर आला तर यंत्रांचं प्रकरण प्रबंधात ठेवू. नाही आला तर काढून टाकू आणि नुसत्या बाटल्यांच्या रंगांवर प्रबंध करू. मार्चमध्ये पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत होती, म्हणजे पुन्हा मीटर मागायला वेळच नव्हता.

"बाटल्यांच्या रंगावर काय, शंभर जणांनी केलंय," सत्यशीला म्हणाली. एवढंच म्हणाली. पण चिठ्ठी तिनं भिंतीवर अशी चिकटवली की मीटरकडे पाहताना ती दिसलीच पाहिजे.

आणि फुल्या मरायला लागल्या.

पट्टी तयार व्हायची, भिंगाखाली पाहिली तर सुरेख. सत्यशीला चिमट्यानं उचलून मीटरच्या पेटीत लावायची, तारा जोडायची, आणि मीटर पहिल्याच फटक्यात टोकाला जायचं. म्हणजे दोन्ही रेघा आतून चिकटलेल्या. मधल्या कणांच्या थराला भोक. दुसरी फुली, तेच. तिसरी, तेच. डिसेंबर संपेपर्यंत सव्वीस पट्ट्या झाल्या, त्यातल्या चोवीस मेल्या.

दोन जगल्या. एक मी लावली होती, कारण तासाची घंटा झाली आणि सत्यशीला जाता जाता म्हणाली, "मावशी, तेवढी पट्टी लावून ठेवता का?" दुसरीही मीच, कारण तिचे हात औषधानं भरले होते. त्या दोन्हींवर आलेख आला. एकदा आला, दुसऱ्यांदा आला, आणि तिसऱ्यांदा तपासायला सत्यशीलेनं तार हलवली की मेली.

"चांगुणाबाईच्या हाताला यश हाय," किशनराव सर म्हणाले. "मॅडमऐवजी त्यांनाच नोंदणी करून द्या."

सत्यशीला हसली नाही. त्या दोन पट्ट्या जरा जास्त वाळल्या असतील असं तिला वाटलं. मग ती पाच दिवस वाळवण्याच्या मागे लागली. जितकं वाळवलं तितकं वाईट. जेवायला बसली की भाकरीचा तुकडा हातात धरून बसायची. मी म्हणायची, "तो काय मीटरला लावायचाय?" तरी हसायची नाही. मग मला भीती वाटायला लागली.

चार जानेवारीची सकाळ. थंडी कोरडी, ओठ फुटणारी. सत्यशीला तासाला निघाली, तिचा पदर मागून मुडपला होता, तो सारखा करायला मी हात लावला आणि चट्ट करून बोटाला झटका बसला.

"कापूस चावला," माझ्या तोंडून गेलं.

"काय?"

"काही न्हाई. जा, घंटा झाली."

ती गेली. टॉक टॉक टॉक. मी खाली बसले.

जिनिंगमध्ये आम्ही बाया असंच म्हणायचो. थंडीच्या दिवसांत कापूस चावतो. ढिगातून सरकी, काडी निवडताना, उठताना, लोखंडाला हात लागला की बोटाच्या टोकाला ठिणगी. अंगावर वीज साठते ती. बाईला चावली तर बाई हसते, कापसाला चावली तर जिनिंग पेटतं. म्हणून सिताराम मुकादमानं दारात एक लोखंडी साखळी टांगली होती. तिचं टोक जमिनीत पुरलेलं, आणि त्या जागी रोज घागरभर पाणी. आत येणाऱ्या प्रत्येकीनं साखळीला हात लावायचा, मगच ढिगाकडे. बाया थट्टा करायच्या, देवळातली घंटा वाजवल्यासारखी साखळी वाजवायच्या. आणि सिताराम मुकादमाचे दोन कायदे होते. नायलॉन नेसून यायचं नाही. रबरी चप्पल घालून यायचं नाही. अनवाणी या, सुती लुगड्यात या, साखळीला हात लावा.

ज्या ठिणगीनं माझं बोट दुखलं, ती त्या एका कणाएवढ्या थराला काय करत असेल हे समजायला एम.एस्सी. लागत नव्हतं. मी प्रयोगशाळेत शहाबादी फरशीवर अनवाणी वावरायचे, सुती लुगड्यात. माझ्या हाताला यश कुठलं आलंय. माझ्या अंगावर वीज टिकतच नव्हती.

मुकादमाचे दोन कायदे आणि माझे दोन नियम मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकमेकांच्या बरोबर उलटे. पोरीच्या यंत्रांना मी नेसवलेली साडी मारत होती. मी घातलेली चप्पल मारत होती.

आणि खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते की मी दोन दिवस गप्प बसले. चप्पल काढ, हे शब्द माझ्या जिभेवर यायला तयार नव्हते. वरच्या आळीत ते शब्द किती जणांच्या तोंडून मी ऐकले होते. आता मीच म्हणू? त्या दोन दिवसांत आणखी चार पट्ट्या गेल्या. चौथी गेली तेव्हा सत्यशीलेनं भिंतीवरची चिठ्ठी काढली आणि वहीत ठेवून दिली. तिच्या तोंडाकडे मला पाहवेना.

संध्याकाळी भाकरी तव्यावर टाकत मी म्हणाले, "सत्ये, एक सांगते. रागावू नको."

"तुमच्यावर कधी रागावले मी?"

"तुझी यंत्रं मी मारायलेय."

ती पाहत राहिली. मग मी सगळं सांगितलं. कापूस चावतो ते, मुकादमाची साखळी, नायलॉन, रबर. तव्यावरची भाकरी करपली. सत्यशीला उठून उभी राहिली, तिनं अंगावरच्या हिरव्या साडीवर शिसपेन्सिल खसाखसा घासली आणि जमिनीवर पडलेल्या कापसाच्या तंतूजवळ नेली. तंतू उडून पेन्सिलीला चिकटला. तिनं तो काढला, परत घासली, परत चिकटवला.

"पुस्तकात हाय हे," ती म्हणाली. "बी.एस्सी.च्या पोरांना मी शिकवते हे. माझ्या अंगावर हाय हे मात्र माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"तुझं काय चुकलं? नेसवलं मी."

"कधी कळलं तुमाला?"

मी परात पुसत बसले.

"मावशी."

"परवा."

"आणि दोन दिवस?"

"चप्पल काढ म्हणायचं होतं तुला," मी म्हणाले. "न्हाई आलं म्हणता."

 मग तिनं करपलेली भाकरी तव्यावरून घेतली, चांगला भाग माझ्या ताटात टाकला, काळा स्वतःला घेतला.

"कुणी काढायला लावणं आणि कामासाठी आपण काढणं एक न्हाई," ती म्हणाली. "चार पट्ट्यांचं मात्र मी इसरणार न्हाई. चारही वेळा काचा तुमीच धुवायच्या."

तशी मी रोज धुतच होते. पण शिक्षा म्हणून ती मला चालली.

दुसऱ्या दिवशी माझं जिनिंगमधलं लुगडं तिनं नेसलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, एका ठिकाणी रफू. जुनेरच. मी तोंड फिरवलं तर म्हणाली, "इकडं पहा. आईसारखी दिसते का?" दिसत होती. नर्मदा अशी ताठ मानेनं कधी चालली असती तर अगदी अशीच दिसली असती.

साखळी मी सिताराम मुकादमाकडून मागून आणली. म्हातारा झाला होता, जिनिंगच्या दारातच बसून असायचा. "कॉलेजात कापूस आणला का काय तुमी?" त्यानं विचारलं. म्हटलं, कापसाहून लवकर पेटणारा माल आहे, दिसत मात्र नाही. त्यानं खुशाल दिली. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर मी खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरली, तिला साखळी बांधून खिडकीतून आत घेतली. रोज सकाळी एक घागर पाणी. किशनराव सर पाहायला आले आणि दारातच थांबले. पायांतल्या चपलांकडे पाहिलं, आत अनवाणी उभ्या असलेल्या आपल्या अधिव्याख्यातीकडे पाहिलं, आणि न सांगता चपला बाहेर काढून आत आले. साखळीला हात लावला आणि म्हणाले, "काय नवस बोलायचा?"

"गप्प उभं राहायचा," मी म्हणाले.

त्या दिवशी लावलेल्या पट्टीच्या पाचपैकी चार फुल्या जगल्या. एकाच फुलीवर आलेख तीनदा आला, तोच. मग दुसऱ्या बाटलीची पट्टी लावली. लिंबाच्या रंगाची बाटली खालच्या उंबरठ्यावर सुटली, पाण्याच्या रंगाची वरच्या. सत्यशीलेनं दोन्ही आलेख उजेडासमोर एकावर एक धरले आणि मला दाखवले. दोन रेषा, सपाट सपाट जाऊन अचानक उठणाऱ्या, एक आधी, एक नंतर. मी ते पाहत असताना मला सगळ्यात आधी वाटलं ते हे, की ह्या पृथ्वीवर हा आकार आज पहिल्यांदा पाहणाऱ्यांत मी दुसरी आहे. खरंखोटं देव जाणे, जपानात कुणी पाहिलाही असेल. पण सेलूत मी दुसरीच.

बारा तारखेला दिनकरराव सर रेल्वेनं आले. विद्यापीठाचं नामांतर आज होतं की उद्या होतं अशा बातम्यांनी हवा तापली होती, एस.टी.चा भरवसा नव्हता. उंच, गोरटेले, टेरिलीनचा सफारी, वर लोकरी स्वेटर, पायात रबरी तळाचे बूट. काढलेले आलेख त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि वही मिटली.

"चांगले आहेत. जरा जास्तच चांगले आहेत," ते म्हणाले. "मॅडम, तुमच्यावर अविश्वास नाही. पण मी पट्टी स्वतः लावतो, मोजमाप स्वतः घेतो. मगच सही करतो. पट्ट्या आहेत ना?"

"एकच उरलीय सर. बाकीच्या मोजून संपल्या," सत्यशीला म्हणाली.

"एक पुरे."

ते दाराकडे आले. बुटांसकट, स्वेटरसकट. सत्यशीलेनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला तिची अडचण कळली. चार वर्षं ज्यांच्या सहीवर आपलं नशीब टांगलेलं, त्यांना दारात अडवायचं कसं? किशनराव सर खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं पाहत होते.

मी दारात उभी होते. हातात फडकं होतं.

"सर," मी म्हणाले, "बूट बाहेर."

ते थांबले. "काय?"

"बूट बाहेर काढा. मोजेबी."

"हे देवघर आहे का?"

"न्हाई सर. देवघर असतं तर तुमी न सांगता काढले असते."

खिडकीपाशी किशनराव सरांना खोकला आला. दिनकरराव सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यावरून सत्यशीलेकडे. "ह्या कोण?"

मी वाट पाहत होते. परिचर आहेत म्हणाली असती तरी खोटं नव्हतं.

"माझ्या मावशी," सत्यशीला म्हणाली. "सर, त्या सांगतील तसं करा. डिसेंबरात चोवीस पट्ट्या मी माझ्या मनानं लावल्या होत्या, चोवीसही गेल्या."

दिनकरराव सर पायरीवर बसले. लेस सोडल्या. बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले.  कामाच्या वेळी मी रडत नाही.

"आता स्वेटर," मी म्हणाले.

त्यांनी तो डोक्यावरून ओढला आणि सगळ्या खोलीला ऐकू आलं, चट चट चट चट, भट्टीत दाणे फुटावेत तसं. डोक्यावरचे केस उभे राहिले. आमच्यापैकी कुणी हसलं नाही, ह्याबद्दल आमचं कौतुक व्हायला हवं होतं. ते स्वेटर हातात धरून उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरून त्या जागी दुसरंच काही आलं. शिकवणारा माणूस शिकायला लागला की असा दिसत असावा.

"आता साखळीला हात लावा."

त्यांनी बोट पुढं केलं. साखळी टेकायच्या आधीच निळी ठिणगी उडाली. त्यांनी हात झटकला, बोट तोंडाशी नेलं, आणि काय केलं माहीत आहे? लगेच परत लावलं. ह्या वेळी काही नाही. तिसऱ्यांदा लावलं. काही नाही.

"दोन-तीन हजार व्होल्ट," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि फुली दहा व्होल्टही सोसत नाही." मग मान वर करून, "हे कुठे वाचलंत बाई?"

"जिनिंगमध्ये."

"पण तिथं..."

"तिथं वाचलं न्हाई तर आग लागते, सर."

ते मीटरपाशी गेले. चिमटा घेतला, पट्टी उचलली, पेटीत लावली. तारा जोडल्या.  मीटर शून्यावर. त्यांनी व्होल्ट वाढवायला सुरुवात केली. सत्यशीला व्होल्ट बोलत होती, सर मीटरवरचा आकडा सांगत होते, आणि लिहायला कुणी नव्हतं, म्हणून वही मी ओढून घेतली. सपाट. सपाट. सपाट. मग एका आकड्यानंतर मीटर उठलं. सरांनी व्होल्ट खाली आणले, परत वर नेले. त्याच आकड्याला उठलं. तिसऱ्यांदा नेले. त्याच आकड्याला उठलं.

त्यांनी वही माझ्याकडून घेतली. आकड्यांच्या रांगा नीट पाहिल्या. माझा सात जरा एकासारखा दिसतो, दोन ठिकाणी विचारलं. मग प्रत्येक पानाखाली सही केली.

"यंत्रांचं प्रकरण राहील," ते म्हणाले. "ते पहिलं ठेवा, रंगांचं मागे."

किशनराव सरांनी डोळे पुसले आणि धुरळा फार आहे म्हणाले. प्रयोगशाळेत धुरळा नव्हता, मी सकाळीच पुसली होती.

जाताना सर पायरीवर बसून मोजे घालायला लागले. त्यांचे बूट, किशनराव सरांच्या चपला, सत्यशीलेची टाचेची चप्पल, माझी, सगळ्या एका ओळीत दाराबाहेर होत्या. मीटर रिक्षात बसलं, सर मीटरला मिठी मारून बसले, आणि रिक्षा स्टेशनकडे गेली.

दोन दिवसांनी विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली. मार्चमध्ये प्रबंध टाइप झाला तेव्हा नवं नाव पहिल्या पानावर एका ओळीत मावेना. टायपिस्ट म्हणाला, अक्षर बारीक करू का. सत्यशीला म्हणाली, दोन ओळी करा, अक्षर बारीक करायचं न्हाई.

प्रबंध मी डिक्शनरी घेऊन वाचला. सगळा कळला असं म्हणणार नाही. तिसऱ्या प्रकरणात मात्र एक परिच्छेद मी चार वेळा वाचला. नमुना हाताळण्याआधी प्रत्येकानं पादत्राणं बाहेर काढावीत, सुती कपडे घालावेत आणि जमिनीत पुरलेल्या लोखंडी साखळीला स्पर्श करावा, असं त्यात आहे. कुणी सांगितलं ते नाही. पण ते वाक्य माझ्या आवाजात आहे, मला ऐकू आलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी औरंगाबादला निघताना सत्यशीलेनं ट्रंक उघडली आणि माझं रफू केलेलं लुगडं बाहेर काढलं. म्हणाली, हेच नेसते, हे लाभलेलं हाय.

मी ते काढून घेतलं आणि निळी नायलॉनची साडी तिच्या हातात दिली. "तिथं पट्ट्या लावायच्या न्हाईत, तोंडानं बोलायचंय. ही नेस. आणि पायात घाल."

तिनं नेसली. पिन लावताना मला एकदा झटका बसला, तरी पिन सरळ लावली.

विद्यापीठाच्या पायऱ्या दगडी आहेत. ती पुढं चढत होती, टॉक टॉक टॉक, आणि मी दोन पायऱ्या मागून, माझ्याही पायात चप्पल.